नागपूर आणि भूकंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या भूकंपाने शहरात पंखे हलले, तेव्हापासून हे प्रश्न येणं थांबलेलं नाही. बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहोत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त शुद्धलेखन नीट केलं आहे.

१. नागपूर देशाच्या अगदी मधोमध आहे. मग इथे भूकंप येऊच शकत नाही ना?

येऊ शकतो. मोठा येण्याची शक्यता कमी, एवढंच. झिरो माईलचा खांब नकाशाच्या मध्याजवळ असेल, पण खडकांना त्याचं काही देणंघेणं नाही. जगातले बहुतेक भूकंप भूपट्टांच्या सीमांवर होतात आणि आपल्याला सगळ्यांत जवळची सीमा, म्हणजे हिमालयाचा पायथा, इथून आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि १९९७ चा जबलपूरचा भूकंप हे दोन्ही भूपट्टाच्या पोटात झाले. जबलपूर इथून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर आहे. असे भूकंप का होतात ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. भूपट्ट सरकतात म्हणजे नेमकं काय होतं? खाली लाव्हा आहे का?

लाव्हाचा समुद्र वगैरे काही नाही. शाळेतल्या चित्रांमुळे तसा समज होतो. पृथ्वीचं बाहेरचं कठीण आवरण साधारण शंभर किलोमीटर जाडीचं असून ते सात मोठ्या आणि बऱ्याच लहान तुकड्यांत विभागलेलं आहे. त्याखालचं प्रावरण घनच असतं, पण प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली ते लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहतं. भूपट्टाची थंड, जड कड प्रावरणात बुडते आणि मागचा पट्टा ओढत नेते. सरकण्यामागचं हे मोठं कारण. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तो युरेशियाला भिडला आणि ती टक्कर अजून चालूच आहे. त्यातली वर्षाला जवळपास २ सेंटिमीटरची हालचाल एकटा हिमालय पोटात घेतो.

३. आपण सीमेपासून इतके दूर, मग किल्लारी अन् जबलपूर काहून हादरले?

हिमालयाकडचा रेटा सीमेवरच जिरत नाही, तो सगळ्या भूपट्टातून मागे पोचतो. भारत उत्तर-दक्षिण दिशेने दाबला जातो आहे. खडक अखंड असेल तिथे हा दाब मुकाट सोसला जातो. जिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या चिरा, म्हणजे फॉल्ट आहेत, तिथे कधीतरी घसरण होते.

विदर्भाच्या आजूबाजूला असे तीन पट्टे आहेत. उत्तरेला नर्मदा-सोन. तिथे आणि सातपुड्यात १९२७ साली सोन खोऱ्यात ६.५ च्या आसपास, १४ मार्च १९३८ ला सुमारे ६.३ आणि २२ मे १९९७ ला जबलपूरजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. पश्चिमेला गाविलगडचा फॉल्ट. मेळघाटचे डोंगर जिथे अचानक संपतात आणि पूर्णेचं सपाट खोरं सुरू होतं, ती रेघ. सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे याच भागातले. ३० सप्टेंबर २०२४ ला चिखलदरा परिसरात ४.२ चा धक्का नोंदला गेला. तिसरा पट्टा दक्षिणेचा, प्राणहिता-गोदावरीचा. १९६९ चा भद्राचलमचा (५.७) आणि २०२४ चा मुलुगूचा (५.३) हे दोन्ही भूकंप त्यातले.

मोठा फरक वारंवारितेत आहे. हिमालयात ताण भरायला शतकं लागतात, तर इथल्या एखाद्या चिरेला हजारो वर्षं लागू शकतात. म्हणून आजोबांच्या आठवणीत काही नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

४. फॉल्टचे प्रकार किती? परीक्षेसाठी नाही, समजून घ्यायला विचारतो.

मुख्य तीन. पाठ्यपुस्तकात फॉल्टला प्रस्तरभंग किंवा विभंग म्हणतात.

जमीन ताणली गेली की एक बाजू उतारावरून खाली घसरते, तो सामान्य विभंग. दोन बाजूंनी दाबली गेली की वरची बाजू आणखी वर चढते, तो व्युत्क्रम विभंग. त्याचा उतार मंद असेल तर त्याला थ्रस्ट म्हणतात आणि हिमालयाखाली तोच आहे. दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या तर तो स्ट्राइक-स्लिप. १९६७ चा कोयनेचा भूकंप या तिसऱ्या प्रकारचा, तर किल्लारी आणि भूज दुसऱ्या.

आपल्याकडचा गमतीचा भाग पुढे आहे. वर्धा-प्राणहिता-गोदावरीची खचदरी सामान्य विभंगांमुळे तयार झाली. जमीन खचत गेली, वर गाळ आणि झाडोरा साचत गेला, आणि खाली गेल्यामुळेच तो पुढची कोट्यवधी वर्षं झिजून न जाता टिकला. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा आपल्याला मिळाला तो या खचण्यामुळे. आता तोच भूभाग ताणाऐवजी दाबाखाली आहे, त्यामुळे जुने सामान्य विभंग उलट दिशेने घसरू शकतात. जबलपूरला १९९७ मध्ये नर्मदेच्या दक्षिण फॉल्टवर असंच झालं, तेही सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर.

५. नागपूर शहराच्या खालून फॉल्ट जातो का?

लहानमोठे जुने फॉल्ट जवळपास कुठल्याही भूगर्भीय नकाशावर सापडतात. रेघ दिसली म्हणून तो जागा, म्हणजे सक्रिय, आहे असं होत नाही. जागा म्हणायचं तर अलीकडच्या भूगर्भीय काळात तो सरकल्याचा पुरावा लागतो, म्हणजे तुटलेले गाळाचे थर, वळलेले नाले किंवा एका रांगेत नोंदले गेलेले धक्के.

शहराचं बूड तीन प्रकारचं आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, सीताबर्डीकडे काळा बेसाल्ट, पूर्वेला नीस नावाचा फार जुना खडक, आणि उत्तरेला कामठीकडे वाळूचा खडक. या शेवटच्या खडकाच्या गटाला जगभर ‘कामठी’ हेच नाव आहे. हे सगळं घरबसल्या बघायचं असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर नकाशे आहेत. या संस्थेचं मध्य विभागाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे.

६. नागपूर झोन दोनमध्ये आहे. म्हणजे निर्धास्त राहायचं?

भूकंपाच्या धोक्याप्रमाणे देशाचे चार झोन पाडणाऱ्या, २००२ मध्ये आलेल्या नकाशात नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर आहे. मुंबई, पुणे, लातूर आणि जबलपूर झोन तीनमध्ये आहेत, कोयना परिसर चारमध्ये. हा आकडा भविष्य सांगत नाही. इमारत किती आडवा जोर सोसेल अशी बांधायची, ते त्यावरून ठरतं. त्या गणितात झोन दोनला ०.१०, तीनला ०.१६, चारला ०.२४ आणि पाचला ०.३६ हा गुणक आहे. म्हणजे इथल्या इंजिनिअरनेही भूकंपाचा जोर धरायचाच असतो. ‘नागपुरात लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा ०.१० दाखवा.

आणि एक गोष्ट विसरू नका. १९९३ साली किल्लारी ज्या झोनमध्ये होती त्याचा क्रमांक एक होता. नकाशातली सगळ्यांत सुरक्षित पायरी. २००२ च्या नकाशातून तो झोनच काढून टाकला.

७. धक्का तेलंगणात बसला, मग पंखे नागपुरात कसे हलले? आणि आम्हाला दहाव्या मजल्यावर जाणवला, खाली चहाच्या टपरीवर कोणालाच काही नाही, हे कसं?

मुलुगू इथून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. सकाळी ७.२७ ची वेळ, त्यामुळे बरेच जण अजून अंथरुणात किंवा चहाच्या कपाशी. दख्खनच्या पठाराखालचं कवच जुनं, थंड आणि बरंचसं अखंड आहे. तडा गेलेलं पितळी भांडं बद्द वाजतं, अखंड भांड्याचा नाद लांबपर्यंत जातो, तसंच इथे होतं. हिमालयातल्या मोडक्यातोडक्या खडकांत लाटा लवकर विरतात, आपल्याकडे लांब जातात.

मजल्यांचं उत्तर वेगळं. लांबून येताना झटपट, थरथरणाऱ्या लाटा वाटेत विरतात आणि संथ, झुलणाऱ्या लाटा उरतात. इमारतीलाही स्वतःचा झोका असतो. ढोबळ हिशेब असा की मजल्यांच्या संख्येला दहाने भागा, तितके सेकंद. दहा मजल्यांची इमारत सुमारे सेकंदाला एक झोका घेते आणि तिचा मेळ त्या संथ लाटांशी जमतो. टपरीचा जमत नाही. जवळच्या उथळ भूकंपात नेमकं उलटं होतं, तिथे बुटकी घरं आधी हादरतात.

८. किती रिश्टरला घर पडतं?

असा आकडा नाही. तीव्रता भूकंपाची असते आणि एका भूकंपाला एकच असते. त्यात एकाने वाढ म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट. हादऱ्याचा जोर मात्र प्रत्येक गावात वेगळा असतो. तो अंतर, खोली आणि जमिनीवर ठरतो, आणि पडझड किती होईल ते वर घराच्या बांधणीवर. किल्लारी ६.२, जबलपूर ५.८. आकड्यात फारसा फरक दिसत नाही. पण किल्लारीत भूकंपनाभी अगदी उथळ होती आणि वर दगडमातीची घरं. तिथे दहा हजारांच्या घरात माणसं गेली, जबलपूरला चाळीसच्या आसपास. घरांबद्दल प्रश्न १४ आणि १५ बघा.

९. छोटे धक्के बसले की ताण मोकळा होतो, म्हणजे चांगलंच झालं ना?

हा हिशेब जमत नाही. नागपूर जिल्ह्यात मे २०२४ मध्ये अडीचच्या आसपासचे धक्के नोंदले गेले, तेव्हा हे फार ऐकलं. ६ तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला अडीचचे सुमारे पावणेदोन लाख धक्के लागतील. उलट, असे धक्के म्हणजे मोठ्याची नांदी हेही धरून चालू नका. बहुतेक येतात आणि विसरले जातात.

१०. दर मे महिन्यात आमच्या घराला भेगा पडतात. रात्री कडकड आवाजही येतो. हा भूकंपच ना जी?

आमच्याकडे येणाऱ्या ‘भूकंपाच्या’ तक्रारींत सगळ्यांत जास्त या असतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोषी एकच निघते: काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आटून आकसते. एप्रिल-मे मध्ये शेतात भेगा पडतात, त्याच घराखालीही पडतात. पाया मुरमापर्यंत नेलेला नसला तर कोपरे खचतात आणि भिंत फाटते.

ओळखायचं कसं? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून वर जाताना रुंद होत गेलेली भेग, भिंतीपासून सुटलेला प्लिंथभोवतालचा कोबा, मे महिन्यात अडकायला लागलेला दरवाजा आणि पावसाळ्यात आपोआप थोडी मिटलेली फट, ही मातीची लक्षणं. भूकंपाची भेग दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखी येते, कारण जोर आधी एकीकडून आणि मग दुसरीकडून बसतो. सोपी चाचणी अशी. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, मधलं अंतर मोजून शेजारी तारीख लिहा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. अंतर कमी झालं तर मातीच.

उपाय इंजिनिअरलाच विचारा, पण आधी नहाणीचं आणि कूलरचं पाणी पायाशी मुरू देणं थांबवा. एकाच कोपऱ्यात ओल आणि बाकी कोरडं, हे सगळ्यांत वाईट. नवीन घर असेल तर काळी माती काढून मुरमावर पाया, नाहीतर अंडर-रीम्ड पाईल (खोल गाडलेले, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब). रात्रीचा आवाज बहुतेकदा दिवसभर तापलेल्या स्लॅबचा आणि पत्र्याचा असतो.

११. गावाजवळ कोळशाची खाण आहे. दुपारी घर हादरतं, भांडी वाजतात. ब्लास्टिंग आहे की भूकंप, कसं कळणार?

वेळ लिहून ठेवा. ब्लास्टिंग ठरलेल्या वेळी आणि दिवसाउजेडी होतं, भूकंपाला वेळापत्रक नाही. स्फोटात हादऱ्याबरोबर हवेतून धमाकाही येतो, दाराच्या काचा तडतडतात आणि सगळं सेकंदा-दोन सेकंदांत संपतं. यंत्राच्या नोंदीत तर फरक स्पष्ट असतो. स्फोट चारी बाजूंना जमीन बाहेर ढकलतो, तर फॉल्ट घसरला की काही दिशांना ढकल आणि काही दिशांना ओढ दिसते.

स्फोटाचं म्हणून घराला काही होत नाही, असं मात्र नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या राहत्या घरांजवळ जमिनीच्या कंपनाचा वेग, वारंवारितेप्रमाणे, सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरच्या आत हवा. तक्रार करताना ‘भूकंप होतो’ असं लिहू नका. तारीख-वेळ देऊन कंपन मोजण्याची मागणी करा. भूकंप म्हटलं की अर्ज भलत्याच टेबलावर जातो.

१२. तोतलाडोह किंवा गोसीखुर्दमुळे कोयनेसारखं होईल का?

कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. शिवाजीसागर भरल्यानंतर तिथे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. पाण्याचा भार आणि त्याहून जास्त, चिरांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब, आधीच ताणलेल्या फॉल्टला सोडवतो. यात ‘आधीच ताणलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. धरण नवा ताण फारसा तयार करत नाही. खोल पाणी आणि घसरायला टेकलेला फॉल्ट दोन्ही एकत्र हवेत, म्हणूनच देशात इतकी धरणं असून कोयना अपवाद ठरते. गोसीखुर्द लांबीने अवाढव्य आहे, पण उंचीने कोयनेच्या आसपासही नाही.

१३. नागपूर ज्वालामुखीच्या खडकावर वसलंय म्हणतात. तो पुन्हा पेटेल?

नाही. तो बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्या तप्त स्रोतावर तेव्हा भारत होता, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे.

१४. आमची फ्लॅट स्कीम पार्किंगवर उभी आहे, खाली नुसते कॉलम. धोका आहे का?

मनीषनगर, बेसा, वर्धा रोड, सगळीकडे हाच नमुना, म्हणून जरा सविस्तर. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती ताठ धरतात, खाली भिंतीच नाहीत. आडवा जोर आला की वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा हलतो आणि सगळं वाकणं पार्किंगच्या कॉलमच्या वाट्याला येतं. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादमध्ये अशाच इमारती बसल्या, आणि अहमदाबाद केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर होतं. आता तुलना प्रामाणिकपणे करू. भूजचा भूकंप ७.७ चा होता, नर्मदा पट्ट्यात नोंदलेले साडेसहाच्या आसपास थांबतात. आणि अहमदाबाद साबरमतीच्या जाड गाळावर आहे, नागपूरचा बराच भाग खडकावर. म्हणून घाबरायचं नाही, पण विचारायचं मात्र नक्की.

काय विचारायचं? २००२ च्या संहितेत अशा उघड्या मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट जोरासाठी धरायला सांगितलं होतं. ते धरलं का, हे स्ट्रक्चरल ड्रॉइंग करणाऱ्याला विचारा. दुसरी गोष्ट साइटवर डोळ्यांनी दिसते. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगचं टोक काटकोनात वाकवून सोडलंय, की १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलंय? काटकोनाचं टोक जोरात हादरलं की उघडतं आणि सळया बाहेर फुगतात. यातली मेख अशी की टोक असं आत वळवायला सांगणारी, लवचीक बांधणीची वेगळी संहिता झोन तीन ते पाचसाठीच सक्तीची आहे, झोन दोनमध्ये नाही. म्हणजे इथे कायद्याने अडत नाही. पण रिंगचं टोक आत वळवायला जास्तीची सळई किती लागते? बोटभर. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

तयार इमारतीत, पार्किंग मोठं करण्यासाठी खालची एखादी भिंत पाडायचा ठराव सोसायटीत आला, तर विरोध करा.

१५. महालात आमचं जुनं घर आहे, लाकडी खांब आणि विटा-माती. ते टिकेल का?

लाकडी सांगाडा शाबूत असेल तर नव्या निष्काळजी बांधकामापेक्षा बरंही असू शकतं, कारण छत खांबांवर असतं आणि भिंत पडली तरी छत लगेच खाली येत नाही. किल्लारीत जीव गेले ते जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या धाब्यांनी. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, ते दोन्हीकडे सुटले. तुमच्याकडे बघायच्या गोष्टी: खांबांचे बुंधे वाळवीने खाल्लेत का, जुन्या छतावर नंतर कोबा आणि टाकी चढवली आहे का, आणि नंतर बांधलेल्या विटांच्या खोलीला लिंटेलच्या पातळीवर चारी भिंती बांधणारा सलग पट्टा आहे का.

१६. धक्का बसला की पळायचं की थांबायचं?

तळमजल्यावर दार दोन पावलांवर असेल तर बाहेर. नाहीतर आत. खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोकं घाला, टेबलाचा पाय धरून ठेवा. जिना आणि लिफ्ट दोन्ही टाळा. धक्का थांबल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि मग उतरा. बाहेर आल्यावर इमारतीला चिकटून उभं राहायचं नाही. आपल्या शहरात खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर पाण्याने भरलेले कूलर लटकलेले असतात, आणि त्यातल्या कित्येक स्टँडचे बोल्ट गंजलेले. खरं तर हे स्टँड भूकंपाची वाट न बघता, दर फेब्रुवारीत कूलर वापरायला काढताना तपासायला हवेत.

१७. ‘आज रात्री मोठा धक्का, नासाने सांगितलं’ असा मेसेज आलाय. काय करू?

डिलीट करा. तारीख, वेळ आणि जागा सांगून भूकंपाचं भाकीत आज जगात कुणालाच करता येत नाही.

१८. मग फोनवर अलर्ट कसा येतो?

तो भाकीत नसतो. भूकंप सुरू झाल्यानंतर त्याच्या लाटांच्या पुढे धावणारा निरोप असतो. अँड्रॉइड फोनवर ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. जबलपूरजवळ भूकंप झाला तर जास्त हादरवणाऱ्या दुय्यम लाटांना नागपूर गाठायला मिनिटाच्या वर लागेल, निरोप त्याआधी पोचू शकतो. भूकंप शहराजवळच झाला तर मात्र वेळच उरत नाही.

१९. आम्हाला नक्की धक्का जाणवला, पण सरकारी यादीत काहीच नाही. लपवतात का?

लपवण्याजोगं त्यात काही नसतं. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची यादी ‘भूकंप’ (BhooKamp) ॲपवर आणि संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. अगदी लहान धक्का पुरेशा केंद्रांवर उमटला नाही तर त्याची जागा ठरवता येत नाही. किंवा तो भूकंप नव्हताच (प्रश्न १० आणि ११). त्यांच्या संकेतस्थळावर तुमचा अनुभव नोंदवा. कुठल्या भागात किती हादरलं हे अशा नोंदींवरूनच कळतं.

२०. घराच्या विम्यात भूकंप धरलेला असतो का? आणि काळ्या मातीच्या भेगा?

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भूकंपाचं नुकसान धरलेलं आहे. जमीन खचणंही आहे, पण नव्या बांधकामाचं बसणं आणि नेहमीच्या भेगा त्यातून वगळलेल्या आहेत, त्यामुळे मे महिन्यातली भेग भूकंपाच्या नावावर खपवता येत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीने इमारतीचा विमा वेगळा घेतला आहे का, ते आधी विचारा, म्हणजे एकाच भिंतीचे दोन हप्ते भरायला नकोत. आणि घर धडधाकट असतानाच प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. भेग आधीची की नंतरची, यावरच बहुतेक दावे अडतात.